मानेच्या सोनोग्राफीत १.८ मिमीचा प्लाक निघाला, म्हणजे नेमकं काय निघालं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वय ५२, पुरुष, सिगारेट नाही, मधुमेह नाही. रक्तदाब १३८/८६, त्यावर औषध नाही. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४६. वडिलांना ५३ व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. डॉक्टरांनी मानेच्या कॅरोटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या, धमन्यांची सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये भिंतीची जाडी उजवीकडे ०.७ मिमी, डावीकडे ०.९ मिमी. डाव्या बल्बमध्ये, म्हणजे धमनी दुभंगते तिथल्या फुगीर भागात, १.८ मिमीचा प्लाक, म्हणजे भिंतीत साठलेल्या चरबीचा फुगवटा. तिथून पुढे मेंदूकडे जाणाऱ्या शाखेत, इंटर्नल कॅरोटिडमध्ये, रक्ताचा कमाल वेग सेकंदाला ७२ सेंमी, लक्षणीय अडथळा नाही. डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करा म्हणतात. तुम्ही विचारताय की ब्लॉकेज किती टक्के आहे, सहा महिने पथ्य पाळून पुन्हा सोनोग्राफी केली आणि जाडी कमी झाली तर गोळी टाळता येईल का, उजवी बाजू साफ आहे म्हणजे हृदय ठीक आहे का, आणि ४६ वर्षांच्या धाकट्या भावानेही ही तपासणी करून घ्यावी का.

मी बरीच वर्षं सोनोग्राफीच्या याच खोलीत, याच मशीनसमोर बसतोय. तुमचा पहिला प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

तुम्हाला ब्लॉकेज नाही. १.८ मिमी ही प्लाकची उंची आहे, अडथळ्याची टक्केवारी नाही. गोंधळ होतो कारण एकाच बैठकीत, मानेवर फिरवायच्या एकाच प्रोबने, दोन वेगळ्या तपासण्या होतात. पहिलीत रक्ताचा वेग मोजतात. नळी अरुंद झाली की तिथून रक्त जोरात धावतं, नळाच्या तोंडावर अंगठा धरल्यासारखं. इंटर्नल कॅरोटिडमध्ये वेग सेकंदाला १२५ सेंमीच्या आत असेल आणि चित्रातही अरुंदपणा दिसत नसेल तर ५० टक्क्यांपेक्षा कमी, २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त, असा ढोबळ हिशेब २००३ पासून जगभर वापरात आहे. तुमचा वेग ७२, म्हणजे या तपासणीत तुम्ही सुटलात. दुसऱ्या तपासणीत भिंतच बघतात: किती जाड आहे, कुठे फुगवटा आहे, तो कसला आहे. हृदयविकाराच्या जोखमीचा अंदाज घ्यायला ही दुसरी तपासणी कामाची, आणि त्यात तुमच्याकडे एक गोष्ट सापडली आहे.

टक्केवारीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण एखाद्या रिपोर्टात उगाच ‘३० टक्के’ छापून आलेलं असतं आणि घरच्यांची झोप उडते. बल्ब पुढच्या नळीपेक्षा मुळातच रुंद असतो. शस्त्रक्रियेचे निर्णय ज्या पद्धतीने होतात तिच्यात उरलेल्या वाटेची तुलना पुढच्या सरळ नळीशी करतात. त्यामुळे बल्बमध्ये चांगला डोळ्यांत भरणारा प्लाक असूनही त्या हिशेबाने अडथळा शून्य टक्के निघू शकतो. उलट कोणी आडव्या छेदातलं क्षेत्रफळ मोजलं तर तोच प्लाक मोठा वाटतो. साधी भूमिती आहे: व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाऊण कमी होतं, म्हणजे ५० टक्के आणि ७५ टक्के ही एकाच अडथळ्याची दोन नावं. पद्धत लिहिली नसेल तर त्या आकड्याला फार किंमत देऊ नका.

शिवाय सुरुवातीला प्लाक बहुधा वाट अडवतच नाही. १९८७ मध्ये ग्लॅगोव्ह आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या धमन्यांबाबत दाखवून दिलं की भिंतीत चरबी साठते तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगून आतली वाट राखून ठेवते. म्हणून ‘रक्त व्यवस्थित वाहतंय’ आणि ‘भिंत निरोगी आहे’ या दोन गोष्टी एक नाहीत.

आता जरा खोलीत चला. तुम्ही उताणे, मान थोडी मागे, चेहरा पलीकडे वळवलेला. मी आधी आडव्या छेदात कॉलरबोनपासून जबड्यापर्यंत प्रोब सरकवत नेतो. काळं गोल वर्तुळ वर जाता जाता रुंद होतं आणि त्याची दोन वर्तुळं होतात. मग प्रोब उभा करून लांबीचा छेद. प्रोबपासून लांबच्या भिंतीवर आता दोन समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, मधे बारीक काळी फट. पहिली रेघ म्हणजे रक्त आणि आतलं अस्तर यांची सीमा, दुसरी म्हणजे मधला थर आणि बाहेरचं आवरण यांची. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तुमचे ०.७ आणि ०.९. मिलानमधल्या पिग्नोली आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या रेघा खऱ्या धमन्यांशी ताडून पाहिल्या आणि या मोजमापाची सुरुवात झाली.

बल्बवर रंगीत डॉपलर, म्हणजे रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते रंगात दाखवणारी सोय, लावला की एक गंमत दिसते. सगळीकडे लाल आणि बाहेरच्या भिंतीलगत एक निळा ठिपका, प्रत्येक ठोक्याला उमटून जाणारा. तिथे रक्त क्षणभर उलटं फिरतं. शिकाऊ असताना मी हे ‘असामान्य प्रवाह’ म्हणून लिहून मोकळा झालो होतो. वरिष्ठांनी रिपोर्ट परत पाठवला आणि म्हणाले, ‘हे दिसलं नाही तर काळजी कर.’ निरोगी बल्बमध्ये ते असतंच. पण नेमक्या त्याच मंद, भोवऱ्यासारख्या कोपऱ्यात प्लाक धरायला लागतो, कारण तिथे भिंतीला प्रवाहाचं नीट घर्षण मिळत नाही. म्हणून आम्ही बल्बमध्ये डोळ्यांत तेल घालून बघतो. तुमचाही प्लाक तिथेच आहे, त्यात नवल काही नाही.

आता ०.९ मिमीचं. याच आकड्यावरून लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि मी त्याला सर्वांत कमी महत्त्व देतो. चाळिशीत साधारण ०.५ ते ०.६ मिमी जाडी असते आणि दरवर्षी अंदाजे ०.०१ मिमीने वाढते. आमच्या प्रोबला बारकावा दिसतो तो साधारण ०.१ ते ०.२ मिमीचा. संगणक रेघा शोधून शेकडो बिंदूंची सरासरी काढतो, म्हणून त्याहून बारीक आकडा छापला जातो; पण प्रोब केसभर तिरका धरला की भिंत जाड दिसते, ठोक्याच्या कुठल्या क्षणी चित्र थांबवलं यावरही फरक पडतो. एकाच माणसाची दहा मिनिटांच्या अंतराने मी स्वतः दोनदा मोजणी केली आणि एकदा ०.७८, एकदा ०.८६ आलं. मधल्या दहा मिनिटांत त्याने फक्त पाणी प्यायलं होतं.

भिंत जाड होण्याचं कारणही एकच नसतं. वर्षानुवर्षं रक्तदाब जास्त असला की मधला स्नायूंचा थर जाडावतो. ते जुळवून घेणं आहे, चरबीचा साठा नव्हे. तुमचा रक्तदाब बघता डावीकडच्या ०.९ मध्ये त्याचाही वाटा असेल.

या आकड्याचं वैद्यकातलं नशीबही पालटलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत मध्यम जोखमीच्या माणसांमध्ये जाडी मोजायला बऱ्यापैकी पाठिंबा होता. २०१२ मध्ये १४ अभ्यासांतल्या ४५,८२८ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांवरून काढलेल्या नेहमीच्या जोखमीत जाडीची भर घातली तर अंदाज सुधारतो, पण इतका थोडा की उपचाराच्या निर्णयात त्याने काही हलत नाही. २०१३ मध्ये त्याच अमेरिकी सूचनांनी नेहमीच्या तपासणीत जाडी मोजू नका असं सांगितलं. युरोपच्या सूचनाही २०१६ आणि २०२१ मध्ये तेच सांगतात. तरी रिपोर्टच्या नमुन्यात तो रकाना आहे, म्हणून तो भरला जातो.

प्लाकचं मात्र तसं नाही. प्लाक कशाला म्हणायचं याची व्याख्या जर्मनीतल्या मॅनहाइमला झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीतून आली: आजूबाजूच्या भिंतीपेक्षा किमान ०.५ मिमी किंवा ५० टक्के जास्त उंच असा आत आलेला फुगवटा, किंवा १.५ मिमीपेक्षा जास्त जाडी. अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीने २०२० मध्ये उंचीवरून श्रेणी सुचवल्या: फुगवटा १.५ मिमीपेक्षा कमी असेल तर पहिली, १.५ ते २.४ दुसरी, २.५ किंवा जास्त असेल तर तिसरी. तुमची दुसरी. जाडी वाढणं म्हणजे भिंतीचं वय झालं असं म्हणता येईल; प्लाक म्हणजे अथेरोस्क्लेरोसिस हा धमनीच्या भिंतीत चरबी साठण्याचा आजारच तिथे सुरू झालेला आहे. धमन्यांचा हा आजार एका ठिकाणापुरता राहत नाही. मानेत तो डोळ्यांना दिसला, तर छातीत आणि पायात असण्याची शक्यता वाढते.

प्लाकची उंची हे अर्धंच झालं, त्याची जात बघायला हवी. पांढराशुभ्र आणि मागे काळी सावली टाकणारा असेल तर त्यात कॅल्शियम आहे. तो जुना, कडक. काळपट, रक्ताच्याच रंगात मिसळून जाणारा असेल तर आत मऊ चरबी किंवा रक्तस्राव असू शकतो, आणि असा प्लाक फाटण्याची धास्ती जास्त. तो नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रात हातून निसटतो. रंग लावल्यावर भिंतीलगतचा एक कोपरा रंगलाच नाही, तेव्हा कळतं की इथे काहीतरी बसलंय. तुमच्या रिपोर्टमध्ये याबद्दल एक शब्दही नाही. ज्यांनी तपासणी केली त्यांना जरूर विचारा: पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, रंगछटा कशी, आणि दोन्ही छेदांत दिसला का. एकाच छेदात दिसलेला फुगवटा कित्येकदा तिरक्या प्रोबची करामत असतो.

मग याचा तुमच्या निर्णयावर परिणाम काय? आधी कागदावरची जोखीम काढायची, सोनोग्राफी नंतर. जोखीम अगदीच कमी असेल तर मानेत डोकावून उगीच नवे प्रश्न निर्माण होतात. खूप जास्त असेल, किंवा मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर भिंत साफ दिसली तरी औषध टळत नाही, मग बघायचं कशाला? उपयोग होतो तो मधल्या पट्ट्यातल्या माणसांना, जिथे डॉक्टर आणि रुग्ण दोघंही ‘देऊ की नको’ या पेचात असतात. युरोपच्या २०२१ च्या सूचना नेमकं हेच सांगतात: मध्यम जोखीम असेल आणि हृदयाचा कॅल्शियम स्कोअर (सीटी स्कॅनवरून मोजलेलं हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम) काढणं शक्य नसेल, तर कॅरोटिडमधला प्लाक बघून जोखीम वरच्या गटात ढकलण्याचा विचार करता येईल. तुम्ही त्या पट्ट्यात होतात. वडिलांना ५५ च्या आत आलेला अटॅक तराजू एका बाजूला झुकवत होताच, प्लाकने तो पुरता झुकवला. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. रक्तदाबाकडेही तितकंच लक्ष द्या: आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वही त्यांना दाखवा. प्लाक दिसला म्हणून ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. लक्षणं नसलेल्या लहान प्लाकमध्ये तिचा फायदा पक्का नाही, रक्तस्रावाचा धोका पक्का आहे.

सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून गोळी टाळण्याचा बेत मात्र सोडून द्या. मीटिऑर नावाच्या अभ्यासात, २००७ मध्ये, कमी जोखमीच्या ९८४ लोकांना दोन वर्षं रोझुव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम किंवा बनावट गोळी दिली. बनावट गोळीवाल्यांची जाडी वर्षाला सरासरी ०.०१३१ मिमीने वाढली, औषधवाल्यांची ०.००१४ मिमीने कमी झाली. शेकडो लोकांच्या सरासरीत हा फरक खरा आहे. एका माणसात, सहा महिन्यांत, माझ्या प्रोबने तो दिसणं अशक्य. तुमचा आकडा ०.९ वरून ०.८ झाला तर तो पथ्याचा प्रताप नसून माझ्या मनगटाचा असेल. आणि ०.९ चा १.० झाला तर तुम्ही विनाकारण हवालदिल व्हाल. जवळपास ३७,००० लोकांच्या एकत्रित विश्लेषणात, तेही २०१२ चंच, जाडी वाढण्याचा वेग आणि पुढे अटॅक किंवा पक्षाघात होणं यांच्यात संबंध सापडला नाही.

जाडीच्या मागे लागल्याने अख्खं औषधही कसं बदनाम होऊ शकतं याचं उदाहरण एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या दुसऱ्या एका गोळीचं. २००८ मध्ये, वंशपरंपरेने कोलेस्टेरॉल फार जास्त असलेल्या ७२० लोकांवरचा एनहान्स अभ्यास आला. सिम्व्हास्टॅटिनला एझेटिमाइबची जोड दिल्यावर एलडीएल आणखी उतरलं, पण मानेतली जाडी हलली नाही. लगेच बोंब झाली की औषध निरुपयोगी आहे. सात वर्षांनी १८,१४४ रुग्णांचा इम्प्रूव्ह-इट आला, त्यात जाडी नव्हे तर अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांसारख्या प्रत्यक्ष घटना मोजल्या होत्या. त्यांचं प्रमाण ३४.७ टक्क्यांवरून ३२.७ टक्क्यांवर आलं. फरक लहान, पण औषध काम करत होतं. मोजपट्टीच चुकीच्या जागी लावली होती.

तेव्हा औषध चालतंय की नाही हे मानेवरून ठरवू नका, रक्तावरून ठरवा. सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी एलडीएल बघा. आधी १४६ होतं, आता किती, डॉक्टरांनी ठरवलेल्या लक्ष्याखाली गेलं का, एवढं पुरे. प्लाकची उंची स्टॅटिनने फारशी कमी होईलच असं नाही. होतं ते असं की आतली मऊ चरबी ओसरते, आवरण घट्ट होतं आणि सोनोग्राफीत तोच प्लाक पूर्वीपेक्षा पांढरा दिसायला लागतो. रिपोर्टमध्ये ‘कॅल्शियम वाढलं’ असं वाचून लोक गोळी बंद करून येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

उजवी बाजू साफ, म्हणून हृदय साफ, हा हिशेब जुळत नाही. माद्रिदमध्ये पेसा नावाच्या अभ्यासात ४० ते ५४ वयाच्या, कसलीही लक्षणं नसलेल्या बँक कर्मचाऱ्यांच्या शरीरातल्या अनेक ठिकाणच्या धमन्या पाहिल्या. ६३ टक्के लोकांत कुठे ना कुठे आजाराची सुरुवात होती. कॅरोटिडमध्ये ती ३१ टक्क्यांत सापडली, तर ओटीपोट आणि मांडीच्या धमन्यांत ४४ टक्क्यांत. म्हणजे फक्त मान बघणारा बऱ्याच जणांना ‘काही नाही’ असं सांगून घरी पाठवतो. माझ्या मते ही तपासणी एकाच दिशेने बोलते: प्लाक सापडला तर जोखीम वाढवा, नाही सापडला तर ती फारशी कमी करू नका. जोखीम कमी ठरवण्यासाठी हृदयाचा कॅल्शियम स्कोअर जास्त भरवशाचा. अमेरिकेतल्या मेसा अभ्यासात हृदयाच्या घटनांचा अंदाज त्याने मानेच्या जाडीपेक्षा स्पष्टपणे चांगला दिला. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र मानेची जाडी किंचित सरस ठरली. तुमचा निर्णय झालेला आहे, त्यामुळे आता तो स्कोअर काढून वेगळं काही हाती लागणार नाही. छातीत दुखत नाही, चढावर धाप लागत नाही, मग अँजिओग्राफीचंही काही काम नाही.

एक फायदा मात्र मी रोज डोळ्यांनी बघतो. स्क्रीन वळवून ‘हे बघा, हा तुमचा’ असं दाखवलं की माणसाचा चेहरा बदलतो. ‘१० वर्षांत इतके टक्के’ हे ऐकून कोणी हलत नाही. स्वीडनमध्ये व्हिपव्हिझा अभ्यासात ३,५३२ लोकांची तपासणी करून अर्ध्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना भिंतीचं चित्र पाठवलं, नर्सने फोन करून समजावलं. उरलेल्यांना चित्र दिलं नाही. वर्षभराने चित्र पाहिलेल्यांची मोजलेली जोखीम दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. मोजली ती जोखीम, अटॅक नव्हेत, हे खरं. तरी रिपोर्टसोबत चित्र मिळालं असेल तर ते फाइलमध्ये गाडून टाकू नका.

काही लक्षणं घरच्यांना सांगून ठेवा. एका डोळ्यासमोर अचानक पडदा ओढल्यासारखं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलताना शब्द अडखळणं. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

राहिला धाकटा भाऊ. त्याला आत्ताच प्रोबखाली झोपवू नका. त्याचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड तपासा, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) ही तपासणी करून घ्या. ते बहुतांशी वारशाने ठरतं, आणि वडिलांची गोष्ट बघता तुमचंही एकदा करायला हवं. एवढ्यावरून त्याचा निर्णय सरळ लागला तर मानेची गरजच नाही. तोही तुमच्यासारखा मधेच अडकला, तर मग पाठवा.